गोवऱ्यांचा गेटपास

गोवर्धन गुरुजींना रोडगे करता येत नाहीत, ही गोष्ट अख्ख्या राजापेठेत एकट्या कौशल्याबाईंना ठाऊक होती. संसारातल्या इतर गुपितांसारखीच त्यांनी तीही नीट झाकून ठेवली होती. गुरुजींना रोडगे खाता मात्र उत्तम यायचे. कुठल्या शेतात, कुठल्या झाडाखाली, कुणाच्या नवसाचे रोडगे कसे झाले होते, यावर ते तासभर बोलू शकत. इतका वेळ बोलणाऱ्या माणसाला ते करता येत नसतील, अशी शंका कुणाला येणार? गुरुजींनाही ती कधी आली नव्हती.

आली ती त्या सोमवारी, कारखान्यातून घरी येताना, रिक्षात.

कारखाना म्हणजे अमरावतीबाहेरच्या एमआयडीसीतली कापड गिरणी. गुरुजींची लेक अपेक्षा तिथे कामगारांची बाजू पाहायची आणि तिची नोकरी अजून कच्ची होती. गिरणीत मागावर बिहारची माणसं, दुरुस्तीला तिवसा-धामणगावकडची, पॅकिंगला राजस्थानची आणि सुरक्षा अधिकारी तमिळनाडूचा. सगळे एका छपराखाली, पण चहाची वेळ वेगळी, डबा खायची जागा वेगळी आणि भांडणाची भाषाही वेगळी; त्यामुळे भांडण कधी पुरं होत नसे. पश्चिमेकडच्या रांगेतल्या मागांवर दुपारी सूत तुटायचं. मागवाले म्हणायचे, फिटर कामचुकार आहेत. फिटर म्हणायचे, सूतच सडकं आहे. पॅकिंगवाले म्हणायचे, आमचा काय संबंध? महिनोन्महिने हेच चाललं होतं.

अशात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून हुकूम आला: कामगारांनी एकमेकांना आपलं ज्ञान द्यावं, असा कार्यक्रम घ्या. शनिवारी रागिणी मॅडम स्वतः पाहायला येतील. अपेक्षाला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हेही त्याच दिवशी ठरणार होतं.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना बोलतं केलं," अपेक्षा म्हणाली. "माझ्या लोकांना करून द्या ना."

गुरुजींनी इस्त्रीचा सदरा काढला.

आता पोरांना शिकवण्याबद्दल एक सांगायला हवं. वर्गात शांतता दोन प्रकारची असते. ज्याला उत्तर येत नाही, तो जमिनीकडे पाहतो. ज्याला येतं पण सांगायचं नाही, तो खिडकीबाहेर पाहतो. गुरुजींनी कँटीनमध्ये खडूने फळ्यावर लिहिलं, 'मला जे येतं, ते मी दुसऱ्याला सांगेन,' आणि वळून पाहिलं, तर झाडून सगळे खिडकीबाहेर पाहत होते.

"रामप्रवेश, तुम्ही सांगा. तुम्हाला काय येतं?"

रामप्रवेश हा मागवाल्यांचा मुखिया. तो हात जोडून उभा राहिला. "हमको कुछ नहीं आता, मास्टरजी."

"भंवरलाल?"

पॅकिंगचा भंवरलाल मिशीतल्या मिशीत हसला. "हम तो डिब्बा भरते हैं, मास्टरजी. डिब्बे में क्या बताना!"

"जानराव, तुम्ही तरी?"

जानराव तिवशाचा, फिटरांमध्ये सगळ्यात जुना. "मले त काईच येत नाई जी," तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

काहीच न येणाऱ्या एवढ्या माणसांच्या हातून रोज मैलभर कापड निघत होतं, हे एक आश्चर्यच. गुरुजींना घाम आला. मागच्या भिंतीला टेकून अपेक्षा उभी होती आणि तिच्या कपाळावर लहानपणी परीक्षेत पडायची तीच आठी पडली होती. शेवटी गुरुजींनी पहिलीच्या वर्गातलं हुकमी अस्त्र काढलं.

"बरं, ते राहू द्या. खायला काय आवडतं?"

"रोडगे," जानराव पटकन म्हणाला.

"वो क्या होता है?" रामप्रवेशने विचारलं.

गुरुजींना दुसरं काय हवं होतं? त्यांनी हवेतच कणकेचे पदर लाटले, गोळा वळला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरला, राख झटकली, फोडला आणि वर तूप सोडलं. रामप्रवेशचे डोळे चमकले. "अरे, ई तो लिट्टी हुआ!"

"लिट्टी कैसे? ये तो बाटी है," भंवरलाल म्हणाला. "हमारी बाटी."

"बाटी कायची? रोडगेच आहे ते!" जानराव उठून उभा राहिला.

गिरणी सुरू झाल्यापासून ही तीन माणसं प्रथमच एकमेकांकडे पाहत होती. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण गुरुजींच्या वऱ्हाडी रक्ताला धक्का बसला होता. "लिट्टी नाही अन् बाटी नाही!" त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. "शनिवारी मी स्वतः सगळ्यांना रोडगे करून खाऊ घालतो. मग सांगा!"

टाळ्या पडल्या. फळ्यावरचं पुसता येतं; हे पुसता येण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही?" घरी कौशल्याबाई म्हणाल्या. "अहो, तुम्हाले गॅस पेटवाचा म्हटलं त काड्यापेटी संपते, गॅस नाई पेटत."

"मी शिकवणार आहे. करायचं त्यांनी."

"जे येत नाई ते शिकवसान कसं?"

"कौशल्या, मी आयुष्यभर भूगोल शिकवला. मी कुठं समुद्र पाहिला होता?"

या युक्तिवादात काहीतरी चूक होती, पण ती सापडेपर्यंत गुरुजी अंगणात गेले होते. तिथे शेजारचे धर्मपाल उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ते फाटकाशी उभे राहून गल्लीतल्या प्रत्येक कामाची देखरेख करत.

"गुरुजी, गोवऱ्या शहरातल्या नका घेऊ बरं," ते म्हणाले. "शहरातल्या गायी प्लॅस्टिक खातात. धुराले वास येते."

"मग?"

"तिवशाच्या आणा. अन् आडव्या नका रचू, उभ्या रचा. माह्या साळ्यानं आडव्या रचल्या होत्या, आतून कच्चे राहिले रोडगे. त्याची सोयरीक मोडता मोडता राहिली."

भाजीवाल्या सुंदराबाईंनी टोपली उतरवून वांग्यांवर स्वतंत्र मार्गदर्शन केलं: वांगी काटेरी पाहिजेत, लहान पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडचीच पाहिजेत. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोणाचा नवस आहे हो गुरुजी?" गुरुजींनी नुसता हात हलवला. एव्हाना नवस त्यांचाच व्हायच्या बेतात होता.

एकच आधार होता. त्यांनी जानरावला फोन लावला. "जानराव, तुम्हाला रोडगे येतात ना?"

"हाव ना जी! येत्यात ना."

गुरुजी त्यानंतर शांतपणे जेवले.

शुक्रवारी सकाळी तिवशाहून गोवऱ्यांची गाडी गिरणीच्या फाटकावर आली आणि तिथेच उभी राहिली. पहारेकऱ्याच्या संगणकात सूत होतं, तेल होतं, खिळे होते, गोवऱ्या नव्हत्या.

"माल परत नेणार का?" त्याने विचारलं. "परत न्यायचा माल आणि न न्यायचा माल, दोन वेगळे पास आहेत."

"अहो, गोवऱ्या जळल्यावर परत काय नेऊ?"

"राख."

"राख कशाला नेऊ?"

"मग 'परत न्यायचा नाही' लिहितो. पण मग राख कंपनीची झाली. नंतर भांडी घासायला मागाल, तर मिळणार नाही."

"नाही मागणार!"

"सही करा."

गुरुजींनी सही केली. झेडपीत त्यांनी दुष्काळाच्या अहवालांवर सह्या केल्या होत्या, वर्गखोल्या पडल्याच्या पंचनाम्यावर केल्या होत्या. राखेवरचा हक्क सोडल्याची ही पहिलीच.

मग आले सुरक्षा अधिकारी सेल्वम. कडक इस्त्री, पिवळं हेल्मेट आणि तुटक हिंदी. "सर, कारखाने में आग जलाना मतलब 'हॉट वर्क'. वेल्डिंग जैसा. परमिट चाहिए."

"रोडग्याला वेल्डिंगचं परमिट?"

"आग एक है, सर. आग को नहीं मालूम, उस पर क्या है."

हे मात्र खरं होतं आणि कापसाच्या गिरणीत तर फारच खरं होतं. गुरुजी मुळात नियमाचे माणूस. त्यांनी मान डोलावली. परमिट मिळालं. जागा सूतगोदामापासून सर्वांत लांबची, पॅकिंगमागचं मोकळं मैदान. वाळूच्या बादल्या, पाण्याचा पाइप, पहाऱ्याला एक माणूस, आणि चुलीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट. गुरुजींनी नेलेला रात्रीचा डबा अपेक्षाने न उघडताच परत केला. तिला भूक नव्हती. "बाबा," ती एवढंच म्हणाली, "सगळं नीट होईल ना?"

"मी आहे ना," गुरुजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी तिला सायकल शिकवतानाही म्हटलं होतं. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे.

शनिवार उजाडला. मार्च महिना, कोरडं ठणठणीत ऊन. जानरावने गोवऱ्या उभ्या रचल्या (धर्मपाल पाहायला नव्हते, नाहीतर त्यांचा ऊर भरून आला असता), जाळ धरला आणि समाधानाने उकिडवा बसला. जाळ खरोखर देखणा होता.

"छान," गुरुजी म्हणाले. "आता कणीक घ्या."

"कणीक?" जानरावने मान वर केली. "कणकेचं मले काय माहीत?"

"म्हणजे? तुम्हाला रोडगे येतात म्हणालात ना!"

"येत्यात ना. आमच्या गावात रोडगे म्हणजे अख्ख्या गावाचं काम. जाळ आमच्या घराकडे, आज्यापासून. कणीक नत्थुजीच्या घराकडे. वरण माणिकबाईकडे. कोणी कोणाच्या कामात हात नाई घालत. मी त कणकेले आतापर्यंत शिवलो नाई."

"मग हे फोनवरच सांगायचं कावून नाही?" रागावले की गुरुजींची प्रमाण मराठी सुटत असे.

"तुमी इचारलं कुठं? मले वाटलं, तुमी करून दाखवतो म्हटलं, त कणीक तुमच्या घराकडे असन."

हेल्मेटखाली गुरुजींचं डोकं तापलं. भोवती दुपारच्या सुट्टीतली माणसं जमू लागली होती. गुरुजींनी बाह्या सरसावल्या, परातीत पीठ ओतलं, पाणी ओतलं, मग पीठ, मग पुन्हा पाणी. थोड्याच वेळात परातीत जे तयार झालं, त्याने पोस्टर चिकटवता आलं असतं. एक हात तर त्यात चिकटलाच होता.

"मास्टरजी," रामप्रवेश अदबीने म्हणाला, "आप ज़रा उधर बैठ जाइए."

"मी शिकवतोय!"

"जी. उधर से सिखाइए."

त्याने परात ओढली, नवं पीठ घेतलं आणि कणीक अशी मळली की बघणारे गप्प झाले. ही शांतता तिसऱ्या प्रकारची होती. ती फार टिकली नाही.

"अबे, गोळे नको करू! पदर दे, पदर!" जानराव जाळामागून ओरडला. "एकावर एक पोळी, मंधात तेल!"

"आपको तो आटा नहीं आता था, जानराव भाई!"

"कराले नाई येत. खाले येते ना!"

"इतनी आँच में कौन सेंकता है?" आता भंवरलाल पुढे आला. "पहले अंगार बैठने दो, फिर रखो. और हर घड़ी पलटो. एक तरफ़ बैठी रही तो पत्थर हो जाएगी."

"माह्या जाळाले नावं ठेवतं?"

"जाळ बढ़िया है. टाइम ग़लत है."

गुरुजी मधे पडायला गेले, तर तिघांनी एका सुरात त्यांना बसवलं. त्यांना वांगी चिरायला दिली. तेही सेल्वमसाहेबांनी काढून घेतलं, कारण गुरुजींनी हातमोजे घातले नव्हते. आणि मग साहेब मोजे घालून स्वतःच चिरत बसले. चिरता चिरता म्हणाले, "सर, इसमें इमली कम है. हमारे घर में..." आणि ते चिंच आणायला स्वतः कँटीनकडे गेले. ज्याचा कार्यक्रम, तो माणूस उलट्या बादलीवर हेल्मेट घालून बसला होता. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोराला कसं वाटतं, हे गुरुजींना या वयात कळलं.

तेवढ्यात दुपारचा वारा फिरला.

इतका वेळ सरळ वर जाणारा धूर एकाएकी आडवा झाला. पॅकिंगचं मोठं शटर ट्रक भरायला नुकतंच उघडलं होतं. धूर त्यातून रांगेने, शाळेतल्या पोरांसारखा, आत शिरला. गिरणीचा भोंगा बोंबलू लागला.

सेल्वमसाहेब चिंचेसकट धावत आले. माग थांबले. सगळ्या दारांतून माणसं बाहेर पडली आणि सूचनेप्रमाणे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेवर आली. ती जागा म्हणजे हेच मैदान. आणि नेमकी तेव्हाच फाटकातून पांढरी गाडी आत आली. रागिणी मॅडम उतरल्या. समोर धूर, भोंगा, शेकडो माणसं, आणि मधोमध हेल्मेट घालून कणीक थापणारे लोक.

अपेक्षाचा चेहरा गोवरीच्या राखेसारखा झाला. तिने वडिलांकडे पाहिलं. गुरुजी बादलीवरून उठले. एका हाताला अजून कणीक होती. "मॅडम, चूक माझी आहे," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण पाठीमागे त्याहून मोठा आवाज झाला.

"धुआँ लूम तक गया कैसे?" रामप्रवेश विचारत होता. "पच्छिम वाली लाइन तक! हमारे लोग खाँसते हुए निकले हैं."

"शटर से गया," भंवरलाल म्हणाला. "दोपहर को ट्रक लगता है, तो शटर खुलता है."

"रोज?"

"रोज. खाने के बाद."

रामप्रवेशच्या हातातला गोळा परातीत पडला. "और हमारा धागा रोज खाने के बाद ही टूटता है! ये सूखी हवा सीधे धागे पर आती है, भाई!"

जानराव जाळापासून उठला. जाळ सोडून उठताना त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "थांब थांब. म्हंजे तू रोज शटर उघडून राहिला, याचं सूत रोज सुकून राहिलं, अन् मी येडा रोज मशीनचा ताण सैल करून राहिलो?"

"तो बताया क्यों नहीं कि धागा दोपहर को टूटता है?" भंवरलाल रामप्रवेशवर उखडला.

"पूछा किसने? आप बताए कि शटर खोलते हैं?"

"मुझसे किसने पूछा?"

"माह्यापाशी त दोघंही नाई आले!" जानराव म्हणाला. आणि मग तिघंही, पीठ-राखेच्या हातांनी, शटरकडे चालू लागले. सेल्वमसाहेबांनी भोंगा बंद केला, धूर निघून गेल्याची खात्री केली आणि तेही मागोमाग गेले. शटर खाली ओढल्याचा धडधडाट झाला. आतून चार भाषांतलं भांडण ऐकू येत राहिलं, पण आता ते एकमेकांना समजत असावं, कारण मधूनच कुणीतरी हसत होतं.

रागिणी मॅडम उन्हात उभ्या होत्या. जानराव परत आला, तो त्यांच्याजवळच थबकला. "बसा ना बाई, उभ्या कावून आहा?" असं म्हणून त्याने गुरुजींची बादली त्यांच्यापुढे सरकवली. पुण्याच्या कानांना ते दरडावल्यासारखं वाटलं असावं. मॅडम पटकन बसल्या. निखाऱ्यात आधीच पुरलेली पहिली खेप निघाली आणि त्यांच्या हातात फोडलेला रोडगा आला, वर तुपाची धार, बाजूला चिंच घातलेली वांग्याची भाजी. कडा जरा करपल्या होत्या. हे रोडगे होते, लिट्टी होती की बाटी, हे सांगणं कठीण होतं. पण कुणी विचारतही नव्हतं. जमलेल्या सगळ्यांना रोडगा पुरणं शक्य नव्हतं, म्हणून तुकडे तुकडे हातोहात फिरत होते.

"हा कार्यक्रम कोणी घेतला?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या गुरुजींनी," जानराव अभिमानाने म्हणाला.

"छान. काय शिकवलं त्यांनी तुम्हाला?"

जानरावने प्रामाणिकपणे विचार केला. "काईच नाई शिकवलं जी. त्याहिले काईच येत नोतं. म्हणूनच त आमाले बोलाव लागलं."

गुरुजींनी हेल्मेट जरा पुढे ओढलं. त्या दुपारी अमरावतीत त्यांच्याएवढा अपमान आणि त्यांच्याएवढा सन्मान दुसऱ्या कुणाचा झाला नसेल. आणि दोन्ही एकाच वाक्यात. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रोडग्याचा उरलेला तुकडा भाजीत बुडवला आणि अपेक्षाला जवळ बोलावलं.

अपेक्षाची नोकरी पक्की झाली. ट्रक आता सकाळी भरतात. सूत अजूनही तुटतं, ते तुटायचंच. पण तुटलं की आता रामप्रवेश आधी जानरावकडे जातो, जानराव भंवरलालला हाक मारतो, आणि तिघं मिळून सेल्वमसाहेबांच्या खोलीत चहा पितात. राख कंपनीचीच राहिली. पहारेकऱ्याने ती गुलाबांना घातली.

पुढच्या रविवारी अपेक्षा पेढे घेऊन आली. "बाबा, मॅडमचा फोन होता. अकोल्याला कंपनीची दुसरी गिरणी आहे. तिथंही लोक एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्हाला पाठवाल का, असं विचारलं."

गुरुजी ताठ बसले. "जाईन की. पण तिथं काय शिकवू?"

"मॅडम म्हणाल्या, काहीही. फक्त तुम्हाला येत नसलेलं पाहिजे."

स्वयंपाकघरातून कौशल्याबाईंनी डोकं बाहेर काढलं. पदराला हात पुसत त्यांनी नवऱ्याकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"बरं झालं बाप्पा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता जन्मभर कामाले तोटा नाई."